मामांची बिननावाची गिटार : ओळख पटवायच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

पंचवटीतलं मामांचं जुनं घर पुढच्या काही महिन्यांत पाडायला जाणार आहे म्हणून आज माळा उतरवायला गेलो होतो. तांब्याचा बंब, तीन पत्र्याच्या ट्रंका, गणपतीचं जुनं मखर आणि सगळ्यात मागे गोणपाटात गुंडाळलेली गिटार. लहानपणी ती लांबूनच बघायला मिळायची, हात लावायचा नाही असा नियम होता. मामा ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात लीड वाजवायचे, गणपतीत दहाही दिवस सुपारी असायची, नाशिकरोड, सिन्नर, निफाड, कुठंही, आणि आमच्या सगळ्या घरात या गिटारला एकच नाव, मामांची गिब्सन. गिब्सन म्हणजे अमेरिकेतली नावाजलेली गिटार कंपनी.

मामांना विचारलं तर म्हणाले, "अरे, १९७९ ला मुंबईत एका जहाजावरच्या माणसाकडून घेतली. फॉरेनची आहे एवढंच तो बोलला. गिब्सन हे लोकांनी पाडलेलं नाव." मग थोडं थांबून म्हणाले, "पण असेलही."

त्या "असेलही" साठी ही वही सुरू करतोय.

मामेभाऊ पुण्याला असतो, त्याला फोटो गेले आणि संध्याकाळपर्यंत त्याचा फोन, की गिब्सन लेस पॉल (गिब्सनचं प्रसिद्ध इलेक्ट्रिक मॉडेल), सत्तरच्या दशकातली, ओरिजिनल असं लिहून विकायला टाकू का. त्याला म्हटलं एक महिना थांब. घेणारा माणूस त्या नावाचे पैसे देणार, आणि नाव चुकीचं निघालं तर ते मामांच्या माथी येणार, हे मला चालणार नाही.

अवस्था : पिवळट-तपकिरी सनबर्स्ट (मधे फिकट, कडेला गडद), लेस पॉलचा आकार, एकच कटअवे (नेकजवळ, म्हणजे मानेजवळ, बॉडीत दिलेला काप). हेडस्टॉकवर, म्हणजे चाव्या असतात त्या डोक्यावर, पुढून काळा ऑइलपेंट मारलेला, नाव काहीही दिसत नाही. पाच तारा, पाचही गंजलेल्या. पिकअप दोन, पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत पकडणारा भाग, आत चुंबक आणि बारीक तारेच्या वेढ्यांची कॉइल. नेककडचा स्टीलसारख्या चकचकीत कव्हरमध्ये, ब्रिजकडचा (तारा खाली टेकतात तिथला) उघडा, दोन्ही कॉइल क्रीम रंगाच्या. ॲम्पला लावली तर ब्रिजचा वाजतो, नेकचा पूर्ण मेलेला.

१४ जानेवारी, संक्रांत

सुट्टी टाकली होती, सकाळी तिळगूळ वाटून झाल्यावर गिटार टेबलावर घेतली. पतंगवाल्यांचा आवाज दिवसभर चालू.

आधी एक गोष्ट स्वतःसाठी लिहून ठेवतो. गिटारवरची प्रत्येक वस्तू साक्षीदार आहे पण सगळ्यांचा शब्द सारखा धरायचा नाही. स्क्रू ड्रायव्हरने दहा मिनिटांत बदलता येतं ते सगळं कच्चं, म्हणजे चाव्या, नॉब, ब्रिज, आणि पिकअपसुद्धा. करवत आणि सरस घेतल्याशिवाय बदलत नाही ते पक्कं, म्हणजे नेक बॉडीला कसा जोडलाय, लाकडाचे थर कसे आहेत, आत खोदलेले खळगे कुठल्या मापाचे आहेत. आणि हेडस्टॉकवरचं नाव तर सगळ्यात कच्चं, ते नुसतं स्टिकरने पण येतं. लोक नेमकं उलटं करतात, आधी नाव वाचतात आणि मग बाकी सगळं त्या नावात बसवत जातात.

तर पक्क्यापासून सुरुवात.

नेकचा सांधा : मागे चौकोनी पत्रा आणि चार स्क्रू. बोल्ट ऑन. लेस पॉल १९५२ साली आली तेव्हापासून तिचा नेक सरसाने चिकटवलेला असतो, मागे पत्रा नसतो. इथंच अर्धा निकाल लागला असं वाटतं, पण घाई नको, कारण गिब्सननेही १९७५ मध्ये मरॉडर नावाचं मॉडेल काढलं होतं, बॉडी लेस पॉलच्या वळणाची आणि नेक बोल्टचा. पण मरॉडरचं डोकं व्ही आकाराचं असतं आणि ब्रिजकडे पारदर्शक रेझिनमध्ये ओतलेला पट्टीवाला पिकअप असतो, बिल लॉरेन्सने बनवलेला. मामांच्या गिटारचं डोकं उघड्या पुस्तकासारखं, वरच्या कडेला मधे खाच. म्हणजे मरॉडर नाही.

स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी : नटपासून (डोक्याजवळ तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ३१४ मिमी, दुप्पट ६२८. गिब्सनचं कागदावरचं माप २४.७५ इंच म्हणजे साधारण ६२८ च, फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं २५.५ इंच म्हणजे ६४८. म्हणजे बनवणाऱ्याने गिब्सन समोर ठेवली होती. पण नक्कल करणारा हे माप तर पहिलं घेणार, त्यामुळे यावरून फक्त फेंडरची जात बाद होते, बाकी काही नाही.

बाइंडिंग : नेकच्या कडेला पांढरी पट्टी आहे आणि फ्रेटची टोकं त्या पट्टीच्या वरून गेलीत. गिब्सनच्या जुन्या लेस पॉलवर फ्रेट पट्टीच्या आत थांबतो आणि टोकाला पट्टीचाच छोटा उंचवटा ठेवलेला असतो, नखाने लागतो तो. इथं नाही. मला हा पुरावा फार आवडतो कारण तो कुणी सहसा खोटा करायला जात नाही, खूप मेहनत आहे त्यात.

डोक्याच्या मागे : सत्तरच्या दशकातल्या गिब्सनला डोकं आणि नेक जिथं मिळतात तिथं मागे लाकडाचा फुगवटा असतो आणि १९७० पासून "मेड इन यूएसए" असा ठसा लाकडात दाबलेला. इथं फुगवटा नाही, ठसा नाही, तो घासून काढल्याची खूणही नाही. मागची बाजू मूळ पॉलिशमध्येच आहे.

टकटक : हे मामींनी ओळखलं. मी बोटाने वरची बाजू वाजवून बघत होतो तर मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "खोक्यासारखं वाजतंय रे." खरंच, दोन पिकअपच्या मधे वाजवलं की पोकळ आवाज. खऱ्या लेस पॉलचा वरचा मेपल लाकडाचा थर जाड आणि कोरलेला असतो. इथं पातळ प्लाय दाबून फुगवटा दिलाय आणि त्याच्याखाली हवा आहे.

आता माझ्या मनात गिब्सन संपली. पण "गिब्सन नाही" हे काही उत्तर नाही, मग कोण, हा खरा प्रश्न आहे.

१९ जानेवारी, रविवार

आज मोठा शोध लागला असं वाटतंय. ब्रिजच्या पिकअपच्या दोन्ही कॉइल क्रीम आहेत, आणि दोन्ही क्रीम हा रंग डिमार्झिओ या अमेरिकन पिकअप कंपनीचा ट्रेडमार्क आहे. त्यांचा सुपर डिस्टॉर्शन नावाचा पिकअप १९७२ पासूनचा, जुना अमेरिकन पिकअप बदलून ज्यादा जोर मिळवायला लोक तो बसवायचे. म्हणजे मामांच्या आधी ही गिटार अमेरिकेत कुणीतरी चांगल्या वादकाने वापरली असणार, त्याने पिकअप बदलला, मग ती जहाजाने मुंबईला. गोष्ट पूर्ण जुळते. मामेभावाला मेसेज पण केला, की गिब्सन नाही पण आत एक चांगली वस्तू आहे.

२० जानेवारी

कालचं चुकलं. खोडत नाही, तसंच राहू देतो, पण चुकलं.

रात्री झोप येईना म्हणून उठून पिकअपचे स्क्रू नीट बघितले. सुपर डिस्टॉर्शनच्या दोन्ही ओळींत ॲलन कीचे षटकोनी खाचेचे स्क्रू असतात. इथं एका ओळीत साधे चौफुलीचे स्क्रू आणि दुसऱ्या ओळीत गुळगुळीत ठोकळे. मल्टिमीटरवर ७.८ किलोओहम, सुपर डिस्टॉर्शन साडेतेराच्या पुढे दाखवतो. आणि तो ट्रेडमार्क अमेरिकेतला, बाकी जगात क्रीम-क्रीम पिकअप कुणीही बनवतं. नाव वाचून पुढची गोष्ट रचायची नाही असं मीच संक्रांतीला लिहिलं आणि रविवारी रंग वाचून तेच केलं.

सकाळी मामांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "तो होय, तो मीच बसवला, ९२ का ९३ ला. जुना बंद पडला होता, मुंबईहून मागवलेला." म्हणजे हा पिकअप या गिटारबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त मामांबद्दल सांगतो.

पुढे कधी लागेल म्हणून अजून एक लिहितो, कारण मामेभाऊ सारखं विचारतोय की पिकअपखाली पेटंटचं स्टिकर आहे का. गिब्सनचा हम्बकर, म्हणजे घरघर मारणारा दोन कॉइलचा पिकअप, सेठ लव्हरने बनवला, पेटंटचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ ला. १९५७ पासून पिकअपच्या तळाला "पेटंटसाठी अर्ज केलाय" अशा अर्थाचं काळं स्टिकर लागायचं, त्यावरूनच पीएएफ (पेटंट अप्लाइड फॉर) हे नाव पडलं. गंमतीची गोष्ट ही की नंतर स्टिकरवर नंबर आला तो २,७३७,८४२, आणि हा नंबर पिकअपचा नाहीच, तो लेस पॉल यांच्या, म्हणजे ज्यांच्या नावाचं हे मॉडेल त्या वादकाच्या, टेलपीसच्या (तारा अडकवायच्या भागाच्या) पेटंटचा आहे. पिकअपचा खरा नंबर २,८९६,४९१. म्हणजे अस्सल कंपनीच्या अस्सल स्टिकरवरसुद्धा दुसऱ्याच वस्तूचा नंबर. आणि नुसती स्टिकरं आज वेगळी विकत मिळतात. आपल्या गिटारमध्ये दोन्ही पिकअपखाली स्टिकर नाही, डिंकाचा डागही नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो आणि मागचं झाकण उघडलं.

आत धूळ, कोळ्याचं जाळं आणि एक वाळलेलं झुरळ. ब्रशने साफ केलं, मग फोटो काढले, मगच हात लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे कारण सोल्डरचे डाग एकदा हलले की ते मूळचे होते का नंतरचे हे पुन्हा कळत नाही.

डाग दोन प्रकारचे आहेत. ब्रिज पिकअपच्या वायरीचा डाग जाड, गोळा झालेला, वर काळी टेप. नेक पिकअपचा डाग छोटा, राखाडी पडलेला, सगळीकडे एकसारखा, बाकीच्या व्हॉल्यूम टोनच्या डागांसारखाच. म्हणजे नेकचा पिकअप कारखान्यातून आलाय तसाच आहे. मेलेला का असेना, साक्षीदार तोच पक्का.

कंट्रोल (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे फिरते भाग) : चारही मूळचे. सीटीएस या अमेरिकन कंपनीचा कंट्रोल असता तर पाठीवर १३७ ने सुरू होणारा आकडा मिळाला असता, त्यात पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात, उदाहरणार्थ १३७६६३३ म्हणजे १९६६ चा तेहतिसावा आठवडा. गिटारची तारीख काढायला याच्याइतकी सरळ गोष्ट नाही, फक्त एवढं धरायचं की गिटार त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, नंतरची कितीही असू शकते. इथं तसा आकडा नाही, फक्त ए ५०० के. भोक मोजलं तर ८ मिमी, अमेरिकन कंट्रोलच्या गळ्याला ३/८ इंच म्हणजे साडेनऊ लागतात. आणि दांडा आखूड आहे, कारण वरचा प्लाय पातळ. जाड मेपलमधून बाहेर यायला गिब्सनला लांब दांड्याचे कंट्रोल लावावे लागतात. प्लायचा पोकळ आवाज आणि आखूड दांडा, दोघं एकच सांगतायत आणि दोघांची गाठ पडलेली नाही, असे पुरावे मिळाले की बरं वाटतं.

स्क्रू सगळे मेट्रिक. ट्रस रॉडच्या (नेकचा वाक सरळ करायला आत घातलेल्या सळईच्या) नटला ७ मिमीचा पाना चपखल बसला, गिब्सनचा ५/१६ इंचाचा असतो म्हणजे जवळजवळ ८. पाना फक्त बसवून बघितला, फिरवला नाही. नेक पुढच्या बाजूला थोडा वाकलाय पण तारांशिवाय आत्ता त्याला हात लावायचा नाही.

पिकअपचा खळगा : नेककडचा खळगा बरोबर या पिकअपच्याच मापाचा, कडा रंगलेल्या, नंतर पटाशी लावल्याची खूण नाही. हे तपासायची सवय ठेवायला पाहिजे. लेस पॉल डीलक्स १९६९ मध्ये आली तेव्हा तिच्यात छोटे हम्बकर होते, पुढे कितीतरी लोकांनी खळगा वाढवून मोठे बसवले, आज अशा गिटारी वरून वेगळ्याच दिसतात पण पिकअप उचलला की आत कापलेलं कच्चं लाकूड दिसतं. लाकडाची ताजी कड लपत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

नेक काढला. मागचा पत्रा मूळचा नाही, लोखंडाचा, कडा कानशीने घासलेल्या, कुणातरी फॅब्रिकेशनवाल्याने कापून दिलेला. मूळ पत्र्यावर काही लिहिलेलं असणार होतं ते गेलं. मामांना आठवत नाही.

नेक निघाला आणि खोबणीत कागदाची घडी. उघडली तर मामांच्या ऑर्केस्ट्राचं व्हिजिटिंग कार्ड, चार घड्या घालून पाचर म्हणून बसवलेलं, तारा बोटांना उंच लागायच्या म्हणून नेक किंचित मागे झुकवायला. कार्डावर फोन नंबर पाच आकडी. मामांना व्हिडिओ कॉल करून दाखवलं तर बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "ते टाकू नकोस. परत तिथंच ठेव."

आणि कार्डाखाली, खोबणीच्या तळाला, जिथं रंग पोचलेला नाही त्या कोऱ्या लाकडावर एक लाल शिक्का. बोटाच्या नखाएवढा गोल, आत एक जपानी अक्षर. तपासणाऱ्या माणसाचा शिक्का असणार, माल पुढे सोडताना मारलेला.

लाकडाच्या आत, रंगाच्या खाली, सांध्यात झाकलेला शिक्का कुणी नंतर जाऊन मारत नाही. जपान लिहायला मी आता तयार आहे.

यावरून कारखाना कळत नाही. सत्तरच्या दशकात जपानमध्ये अशा नकला बनवणारे कारखाने बरेच होते, आणि एकच कारखाना तीच गिटार वेगवेगळ्या देशांतल्या व्यापाऱ्यांना वेगवेगळ्या नावांनी पाठवायचा, ज्याची ऑर्डर त्याचं नाव. नागानो प्रांतात मात्सुमोतो नावाचं शहर आहे, तिथलेच दोन मोठे, फुजिगेन आणि मात्सुमोकू. फुजिगेन आयबानेझ या ब्रँडच्या गिटारी करायचं. मात्सुमोकूचा मूळ धंदा लाकडी कामाचा, सिंगरच्या शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या तिथं बनायच्या, मग गिटारी आल्या, आरिया आणि एपिफोनच्या जपानी गिटारी तिथल्या. हे मामींना सांगितलं कारण आज सगळे छोटे स्क्रू मी त्यांच्या मशीनच्या ड्रॉवरमधल्या स्क्रू ड्रायव्हरने काढले होते. मामींना हे फार आवडलं, त्या संध्याकाळी शेजारी जाऊन सांगून आल्या की गिटार शिलाई मशीनवाल्यांनी बनवलीय. तसं सिद्ध झालेलं नाही हे मी दोनदा सांगितलं.

५ फेब्रुवारी

मामींनी ट्रंकेतून फोटो शोधून काढला. गणपतीचा स्टेज, मागे मंडळाचा पडदा, मामा चौकड्याच्या शर्टात, गिटार गळ्यात. मागे निळ्या पेनने १९८१.

भिंगाने तासभर बघितला. तीन गोष्टी.

एक, दोन्ही पिकअपवर कव्हर आहे, म्हणजे मामांची आठवण बरोबर. दोन, स्क्रॅच प्लेट होती, आता नाही, तिचं एक भोक बॉडीच्या कडेला अजून आहे ते मी पहिल्या दिवशी बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. तीन, डोक्यावर काळा रंग नाही आणि नावाच्या जागी एक आडवी चमक आहे, फ्लॅशचा उजेड परत फेकणारी, पट्टीसारखी.

लगेच टॉर्च घेऊन गिटारच्या डोक्यावर एकदम आडवा उजेड टाकला. पेंटखाली दोन बारीक खड्डे, ३८ मिमी अंतरावर, लांबी भरलेली. म्हणजे नाव लाकडात बसवलेलं नव्हतं, वेगळा बिल्ला होता, दोन टाचण्यांनी ठोकलेला. लेस पॉलवर गिब्सन हे नाव शिंपल्यासारख्या चमकत्या तुकड्यांनी लाकडात जडवलेलं असतं. बिल्ला हे नाव बदलून माल पाठवणाऱ्यांचं काम.

फोटो स्कॅन करून मोठा केला पण अक्षरं नाहीत, नुसते दाणे. मामेभाऊ म्हणतो पेंट थिनरने पुसून बघ. पुसून काय मिळणार, बिल्लाच निघून गेलाय, आणि मूळ पॉलिश पण जाईल. पेंट राहणार.

डोक्याच्या उघड्या पुस्तकासारख्या आकाराबद्दल : १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने याच आकारावरून अमेरिकेत आयबानेझची तिथली वितरक कंपनी एल्जरवर फिलाडेल्फियाच्या कोर्टात दावा लावला होता, तो कोर्टाबाहेर मिटला. त्यामुळे अशा जपानी गिटारींना लोक सरसकट लॉसूट, म्हणजे दाव्यातल्या, म्हणतात आणि किंमत चढवतात. दावा एका कंपनीवर होता. बाकी डझनभर नावांच्या गिटारींना तो शब्द लावणं बरोबर नाही, आणि आपल्या गिटारला मी तो लावणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मेलेला पिकअप. मीटरवर काहीच नाही, म्हणजे तार कुठंतरी तुटलीय.

उघडायच्या आधी होकायंत्राने बघितलं, ट्रेकिंगचं आहे माझ्याकडे. हम्बकरमध्ये दोन कॉइलच्या मधे खाली एक लोहचुंबक असतो, त्यामुळे स्क्रूंची ओळ एक ध्रुव आणि शेजारची ओळ दुसरा ध्रुव, सुई एका ओळीवरून दुसरीवर नेली की सरळ उलटी फिरते. ब्रिजच्या क्रीम पिकअपवर तशी फिरली. नेकच्या पिकअपवर स्क्रूंवर सुई ठाम, बाजूला नेली तर नुसती डळमळते, उलटी कुठंच ठाम होत नाही. शिवाय स्क्रूंची ओळ कव्हरच्या जवळजवळ मध्यात आहे, हम्बकरमध्ये ती एका बाजूला असते. तेव्हाच शंका आली.

सातपूरला मोटार रिवाइंडिंग करणारे एक काका आहेत, आमच्या सोसायटीची पाण्याची मोटार तेच भरतात. त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी विचारलं, "कितीची मोटर?" मग पिकअप हातात घेतला, डोळ्याला भिंग लावलं. कव्हरचे कान वाकवून उघडलं आणि आत एकच कॉइल. रुंद, एकटी, मधोमध. बाहेरून हम्बकर, आत सिंगल कॉइल.

सत्तरच्या दशकातल्या स्वस्त जपानी नकलांची ही ओळखीची खूण आहे. बाहेरून गिब्सनसारखं दिसायला पाहिजे पण दोन कॉइल भरायचा खर्च नको. हे वाचून माहीत होतं, पण काकांच्या टेबलावर ती एकटी कॉइल बघितली तेव्हा आत काहीतरी हललं, कारण गेले चार आठवडे मी लाकूड, स्क्रू, भोकं बघत बघत ज्या उत्तराकडे येत होतो तेच उत्तर कव्हरच्या आत पन्नासेक वर्षं बसून होतं.

काकांनी तारेचं टोक शोधलं. सगळ्यात बाहेरचा वेढा जिथं वायरीला जोडला होता तिथंच हिरवं पडून तुटलेलं. आत तुटलं असतं तर पूर्ण कॉइल नव्याने भरावी लागली असती आणि मग ती मूळची राहिली नसती. तार मायक्रोमीटरवर ०.०६ मिमी. काका म्हणाले, "पंख्याला आम्ही छत्तीस गेज वापरतो, हा तर त्याच्या निम्म्यापेक्षा बारीक, शेहेचाळीस असेल." पिकअपवाले जो ४२ गेज म्हणतात तो अमेरिकन गेज आणि आपल्याकडचा शेहेचाळीस हा ब्रिटिश, तार जवळजवळ तीच. हे दोन आकडे वेगळे बघून लोक तार चुकीची मागवतात, म्हणून लिहून ठेवतोय.

दोन वेढे उलगडले, ब्लेडने इनॅमल खरवडलं, डाग दिला. चाळीस मिनिटं काकांनी श्वास रोखून काम केलं, एक शब्द बोलले नाहीत. मीटरवर ५.६ किलोओहम. पैसे घेत नव्हते, म्हणाले, "असलं काम रोज कुठं मिळतं." चहा आणि दोनशे रुपये बळंच दिले.

९ फेब्रुवारी, रविवार

नव्या तारा, सगळं जोडलं, कार्ड परत खोबणीत तसंच घडी घालून. ॲम्पला लावली.

स्क्रू ड्रायव्हरने पिकअपच्या कव्हरवर हळू टिचक्या मारून बघितल्या, सगळ्यात मोठा ठोका मध्यात, कडेला गेलं की कमी. हम्बकरमध्ये दोन जागी मोठा येतो. मग खोलीतली जुनी चोकवाली ट्यूबलाइट लावली : नेकवर घूंSSS, ब्रिजवर शांत. दोन कॉइल एकमेकींच्या उलट असल्या की विजेची घरघर एकमेकींत मरते आणि तारांचा आवाज मात्र जुळून वाढतो, हम्बकर या नावातच ते आहे. आमच्याकडे एकटीच कॉइल, ती बिचारी सगळंच ऐकते.

पण आवाज. मी तयारीत नव्हतो. स्वच्छ, थोडा पोकळ, वरच्या तारांना काचेसारखी कड आणि खालच्या तारा लाकडाच्या पेटीतून आल्यासारख्या. पातळ प्लाय आणि खालची हवा, ज्या गोष्टी मी तीन आठवडे "नक्कल" या रकान्यात लिहीत होतो, त्या दोन्ही या आवाजात ऐकू येतात. कॅसेटवर ऐकलेले मामा, तोच आवाज.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज गिटार घेऊन मामांकडे. मामेभाऊ पण आलेला.

सगळं सांगितलं, एकेक वस्तू दाखवत. मामेभावाने शिक्क्याचा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाला, मग जाहिरातीत काय लिहायचं. मी एका जाड कागदावर लिहून आणलं होतं ते त्याला दिलं :

"जपानमध्ये बनलेली, लेस पॉलच्या नमुन्यावरची, सत्तरचं दशक, १९७९ च्या आधीची. बोल्ट नेक, दाबलेल्या प्लायची पोकळ छाती. मूळ नाव बिल्ल्यावर होतं, बिल्ला नाही. कारखाना सिद्ध नाही. नेक पिकअप मूळचा, हम्बकरच्या कव्हरमध्ये सिंगल कॉइल, ५.६ के, फेब्रुवारी २०२५ मध्ये बाहेरचं टोक जोडलं. ब्रिज पिकअप, मागचा पत्रा, चाव्या नंतरच्या. हेडस्टॉकचा काळा रंग नंतरचा."

मामांनी चष्मा लावून वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हा रंग मी मारला. बिल्ला एका प्रोग्रामला पडला, भोकं वाईट दिसायची. बिल्ल्यावर काय होतं ते आता देवाला माहीत, आम्ही कुणी वाचलंच नाही कधी, सगळे गिब्सनच म्हणायचे." मग पेन मागितला आणि त्या ओळीपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "१९८४, गणपतीच्या आधी."

विकायचं की नाही ते बाप लेक ठरवतील, मी त्यात नाही. कागद केसमध्ये गिटारबरोबर ठेवलाय, कार्ड खोबणीत आहे. मामांनी गिटार घेतली, नेकच्या पिकअपवर स्विच केला, ट्यूबलाइट बंद करायला सांगितली आणि अंधारात दहा मिनिटं वाजवली. बोटं अडखळतात आता, पण तार दाबून सूर वर ओढायची पद्धत तशीच आहे.

राहिलेलं काम : ट्रस रॉड. नेक अजून पुढे वाकलेला आहे, पाचव्या फ्रेटजवळ फट जास्त आहे. नव्या तारा दोन आठवडे ताणात राहू देत, मग पाव फेरा, मग पुन्हा मोजायचं. ७ मिमीचा पाना मामींच्या ड्रॉवरमध्येच ठेवलाय.